बिनमोबदल्याचे पैसे

देशात आलेल्या आणि देशाबाहेर गेलेल्या पैशांचा, म्हणजे व्यवहारतोलाचा, तक्ता दर तीन महिन्यांनी निघतो आणि त्यातली नववी ओळ माझी. माझी म्हणजे काही माझ्या बापाची जहागीर नाही. पण एकोणीस वर्षं मी तीच एक ओळ भरते आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणी तिला हात लावला की माझं डोकं फिरतं. ओळीचं नाव 'चालू हस्तांतरणे, निव्वळ'. नाव ऐकून लोक जांभई देतात. लग्नकार्यात कोणी विचारलं, काय करता, तर मी नुसतं सांगते, राष्ट्रीय बँकेत कारकून आहे. मग ते सुटतात आणि मीही सुटते.

पण खरं सांगू का, गोष्ट अगदी घरातली आहे. बाहेरदेशी गेलेली माणसं घरी पैसे पाठवतात, ते मोजायचे. इथून कोणी बाहेर पाठवत असेल तर ते वजा करायचे. उरलं ते निव्वळ. माल विकून आलेले पैसे वेगळ्या ओळीत, कर्ज वेगळ्या ओळीत, गुंतवणूक आणखी वेगळीकडे. माझ्या ओळीत फक्त ते पैसे येतात ज्यांच्या बदल्यात इथून काहीच गेलेलं नाही. पुस्तकातली व्याख्याच तशी आहे: मोबदल्याविना. आपल्या बंदरातून माल जातो थोडा आणि येतो ढीगभर. त्यामुळे पहिल्याच ओळीत जे भलंमोठं भगदाड पडतं, ते नववी ओळ बुजवते. देश चालतो तो कोणाच्या कमरेवर, हे मंत्र्यांना माहीत नसेल, मला माहीत आहे.

आणखी एक नियम आहे, तोही सांगून ठेवते, कारण तो पुढे माझ्याच तोंडावर मारला गेला. माणूस वर्षाहून जास्त बाहेर राहिला की हिशेबापुरता तो इथला राहत नाही. तो तिथला. तिथला म्हणूनच त्याने पाठवलेले पैसे भेट ठरतात.

माझी ताई चोवीस वर्षं तिथली होती.

अकरा वर्षांत दादा पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आला, तेव्हाच मला समजायला हवं होतं. गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला, हातात बिस्किटांचा महागातला डबा. दादा आम्हा तिघांत थोरला. त्याचं नळांचं दुकान आहे: नळ, तोट्या, शॉवर, पाइप. स्वभावाने वाईट नाही, पण कोणाला काही द्यायची वेळ आली की त्याला नेमकं दुसरं काम आठवतं. त्याने डबा माझ्या टेबलावर ठेवला, टेबलाकडे बघून म्हणाला की अजून हेच का, आणि मग पिशवीतून दोन कागद काढले.

पहिला टाइप केलेला होता. त्यावर लिहिलं होतं की आमच्या थोरल्या बहिणीने परदेशातून पाठवलेली सगळी रक्कम कुटुंबाच्या खर्चासाठी होती, तिच्या बदल्यात तिला काहीही द्यायचं ठरलेलं नव्हतं, आणि घराच्या वरच्या मजल्यावर तिचा कसलाही हक्क नाही. खाली माझं नाव, माझं पद आणि सहीसाठी रेघ.

मामला असा होता. जागा वडिलांची. तळमजला त्यांनीच बांधलेला. ते गेल्यावर आईने सगळं दादाच्या नावावर केलं, कारण कागदपत्रांना पुरुष माणूस बरा पडतो असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. वरचा मजला पुढे ताईच्या पैशांतून उभा राहिला: दोन खोल्या, एक न्हाणीघर आणि बाहेरून जिना. आता दादाला ते घर विकून मोठं दुकान घ्यायचं होतं. गिऱ्हाईक तयार होतं. नोंदणी कार्यालयाने रीतीप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लावली, आणि ताईने तिकडून हरकत पाठवली. एवढंच नाही, ती स्वतः येत होती, कायमची.

दादा म्हणाला, "तूच सांगत आलीस ना, ह्या पैशांना मोबदला नसतो म्हणून. मग आता ती कसला मोबदला मागते? आणि ती इथली तरी कुठे आहे? तुझ्याच पुस्तकात लिहिलंय, वर्ष झालं की माणूस इथला राहत नाही."

मी कधीतरी जेवताना, शहाणपणा मिरवत, हे दोन्ही नियम त्याला समजावले होते. त्याने ते जपून ठेवले होते.

मग त्याने दुसरा कागद पुढे केला. पिवळा, चार घड्यांचा, कडांना मऊ पडलेला. तो मी लांबूनच ओळखला. आमच्या खात्याच्या पहिल्यावहिल्या घरोघरच्या पाहणीचा तो अर्ज होता, घरी ठेवायची प्रत. अठरा वर्षांपूर्वीचा. अक्षर माझं.

दादाला मी एवढंच सांगितलं की वाचून कळवते. तो म्हणाला, वाचायचं काय त्यात, सरकारी कागद आहे, वर तूच भरलेला. दोन्ही कागद त्याने माझ्याकडेच ठेवले, पिवळ्याची झेरॉक्स त्याने काढलेली होती. जाताना त्याने बिस्किटांचा डबा उघडून मला एक दिलं आणि एक स्वतः खाल्लं.

त्या अर्जाबद्दल आता सांगायलाच हवं, कारण सगळं पाप तिथलं आहे आणि ते माझं आहे.

पाहणी नवी होती आणि ती आखली होती मी. बाहेरून पैसे येणारी चार हजार घरं निवडायची, प्रत्येक घरी जाऊन विचारायचं, पैसे कशासाठी आले. कारणांचे नऊ रकाने होते. पाचवा रकाना घरखर्चाचा. आठवा रकाना पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या जागेचा किंवा बांधकामाचा. हा फरक मोठा आहे. पाचव्यातले पैसे भेट, ते माझ्या ओळीत. आठव्यातले पैसे भेट नव्हेत. ज्याने पाठवले त्याचीच ती मिळकत, फक्त ती इथे उभी आहे. ते गुंतवणुकीच्या ओळीत जायचे. पण आठव्यावर खूण केली की सोबत दोन पानांची पुरवणी भरावी लागायची: जागा कोणाच्या नावावर, किती चौरस फूट, पाठवणाऱ्याचा हिस्सा किती. घरचे लोक त्या प्रश्नांना घाबरायचे, आणि आमचे पाहणीदार त्या दोन पानांना.

अर्ज चालतो का ते बघायला पहिला अर्ज मी आमच्याच घरी भरला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर. आईने पैसे घेतल्याच्या सगळ्या पावत्या रबर लावून आणल्या. बाहेर माझे तेव्हाचे साहेब स्कूटरवर बसून हॉर्न वाजवत होते, त्यांना अजून तीन घरं करायची होती. वरच्या मजल्याचं काम तेव्हा चालूच होतं, डोक्यावर गवंडी ठोकाठोक करत होता. आणि मी पाचवर खूण केली. एकदा नाही, एकोणीस पावत्यांसाठी एकोणीस वेळा. आईने विचारलं, पाच म्हणजे काय गं? मी म्हटलं, काही नाही, सगळे हेच करतात. तेव्हा कोणीच काही केलेलं नव्हतं, तो पहिला अर्ज होता.

पुढे बावीस पाहणीदारांना मी तेच शिकवलं. आठ दिसला की वेळ जातो, पाचमध्ये टाका आणि पुढच्या घरी चला. ताईलाही फोनवर मीच सांगितलं होतं की पैसे पाठवण्याच्या खिडकीवर कारण विचारलं तर कुटुंबखर्च लिही, दुसरं काही लिहिलंस तर तीन कागद मागतात आणि जास्त पैसे कापतात. हुशार बहीण म्हणतात ती ही.

एक गोष्ट मात्र त्या पिवळ्या कागदावर होती आणि दादाने ती कधी वाचली नव्हती. पावतीवर निरोपासाठी एक छोटी ओळ असायची, तीसेक अक्षरांची. पहिल्या अर्जात आम्ही तो निरोपही जसाच्या तसा उतरवून घ्यायचो. नंतर ते बंद केलं, कारण यंत्राला निरोप कळत नाही, आकडा कळतो. ताईचे निरोप माझ्याच अक्षरात तिथे होते. 'माझ्या जिन्यासाठी.' 'माझी खोली, खिडकी पूर्वेला ठेवा.' 'आईची औषधं.' 'खिडकीला गज नकोत, इथे खूप गज बघते.' 'दादाच्या दुकानाचं डिपॉझिट.' 'माझं न्हाणीघर, बसायला दगड ठेवा, गुडघे दुखतात.' आणि प्रत्येकाच्या शेजारी पाच, पाच, पाच.

ताई मंगळवारी आली. एक बॅग, एक काठी. चोवीस वर्षं ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना कुशीवर वळवत होती, उठवत होती, भरवत होती. साठ पूर्ण झाली, गुडघे गेले, तिथल्या लोकांनी छान शब्दांत पत्र दिलं आणि नोकरीबरोबर राहायचा परवानाही संपला. तिथे राहता येत नव्हतं. इथे तिच्या खोल्यांत नळांची खोकी होती. ती माझ्याकडे उतरली, नोकरीसोबत मिळालेल्या माझ्या दीड खोलीत, आणि तीही चौदा महिन्यांनी मी निवृत्त झाले की जाणार होती. ताईला ह्या जगात पाय पसरायला जागा होती ती एकच, आणि ती विकायला काढलेली होती.

मी पिवळा कागद तिच्यापुढे ठेवला. लपवायचा विचार मनात आला नाही असं नाही, पण दादाकडे झेरॉक्स होतीच. तिने चष्मा लावला. सावकाश वाचला, बोट फिरवत.

"हे अक्षर तुझं आहे, धाकटे."

मी हो म्हटलं.

"खिडकी पूर्वेला, हेही तूच लिहिलंस. आणि शेजारी पाच."

मी तिला पाच आणि आठ समजावून सांगितलं. स्कूटर, हॉर्न, पुरवणी, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं, किती पानं होती ती पुरवणी? मी म्हटलं, दोन. ताईने चष्मा काढून त्याची घडी घातली.

"तिथे एका म्हाताऱ्याला मी एका वेळी पाऊण तास भरवायची," ती म्हणाली. "रोज तीनदा. त्याला नाव आठवत नव्हतं स्वतःचं. तुला माझ्यासाठी दोन पानं जड झाली."

मग ती भिंतीकडे तोंड करून झोपली. मी बसून राहिले. मला माफी मागायची होती, पण माफी मागून तिला घर मिळणार नव्हतं, आणि नुसती माफी मागून मोकळं व्हायची मला स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी मी नोंदणी कार्यालयात चौकशी केली. तिथले अधिकारी सरळ बोलले. निरोप ही पाठवणारीची इच्छा झाली, म्हणाले, नोंद नव्हे. सरकारी कागदावर नोंद पाचची आहे. ती चुकीची असेल तर ज्या खात्याने केली त्यानेच दुरुस्त करावी. बहीण म्हणून तुम्ही काहीही सांगाल, तुमचा भाऊही सांगेल. मला तुमच्या खात्याचा आवक क्रमांक असलेला कागद दाखवा.

म्हणजे मला माझ्याच खात्याला लेखी कळवावं लागणार होतं की तुमच्या पाहणीतला पहिला अर्ज मी जाणूनबुजून चुकीचा भरला, आणि पुढचे हजारो तसेच भरून घेतले.

मी आधी संचालक मॅडमकडे गेले. मॅडम माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कामाला वाघ, आणि माझ्याशी नेहमी नीट वागलेल्या. त्यांनी दार लावून घेतलं. ह्या तिमाहीत नववी ओळ आजवरची सगळ्यात मोठी आलेली होती. अर्थमंत्र्यांच्या भाषणात तिच्यासाठी एक अख्खा परिच्छेद होता, आपल्या लेकरांनी मायभूमीला दिलेली भेट वगैरे. मॅडम म्हणाल्या, तुम्ही एक अर्ज चुकीचा म्हणालात की उद्या कोणीतरी विचारणार, बाकीचे किती. मी म्हटलं, बरेच. त्यांनी डोळे मिटले. मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या की बहीण म्हणून काय सांगायचं ते सांगा, मी अडवणार नाही, पण खात्याच्या कागदावर नको. चौदा महिने राहिलेत, गुपचूप काढा. आणि तसला काही कागद माझ्या टेबलावर आणू नका.

मी उठताना विचारलं, "मॅडम, ते भाषणातले पैसे खरंच भेट होते की नाही, हे आपल्याला जाणून घ्यायचं नाही का?"

त्या म्हणाल्या, "ह्या तिमाहीत नाही."

खरं सांगते, तोपर्यंत मी घाबरलेली होते. पण ते 'ह्या तिमाहीत नाही' ऐकलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. बाईने चोवीस वर्षं लोकांची अंगं पुसून एक खिडकी मागितली होती, आणि आमच्याकडे तिच्यासाठी योग्य तिमाही नव्हती.

मॅडमनी कागद टेबलावर आणू नका सांगितलं होतं. मी आणला नाही. मी तळमजल्यावर आवक विभागात गेले. आमच्याकडे एक पद्धत आहे, जुनी आणि फार सुंदर: एकदा कागदावर आवक क्रमांक पडला की तो परत घेता येत नाही, फाडता येत नाही, हरवला म्हणता येत नाही. त्याला फक्त उत्तर देता येतं. आवकच्या कारकुनाला आम्ही सगळे 'शिक्का' म्हणतो. शिक्काने माझा दीड पानी कागद दोनदा वाचला. त्यात मी माझं नाव, पद, अर्जाची तारीख, पाच आणि आठ, बावीस पाहणीदारांना दिलेली सूचना, सगळं लिहिलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की चूक माझी आहे आणि मागच्या सगळ्या तिमाहींच्या आकड्यांची मालिका सुधारावी.

त्याने विचारलं, नक्की ना? तीस वर्षांची ओळख, म्हणून विचारतोय.

"मार," मी म्हटलं.

चारशे बारा क्रमांक पडला. आवाज फारसा होत नाही त्या शिक्क्याचा. मला मात्र आत कुठेतरी मोकळं वाटलं, जणू कोंडलेला जिना कोणी उघडला.

सुनावणीची खोली लहान होती. एक टेबल, पाच खुर्च्या, वर एक पंखा जो चालू केला की कागद उडायचे म्हणून बंद. नोंदणी अधिकारी दोन चष्मे घेऊन बसले होते, एक वाचायचा, एक माणसं बघायचा. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. ताई काठी मांडीवर आडवी ठेवून बसली.

दादाने पिवळ्या कागदाची झेरॉक्स पुढे केली आणि म्हणाला, हिनेच भरलेला आहे, विचारा. मी माझा कागद पुढे केला, चारशे बारा. अधिकाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचले. मग चष्मा बदलून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की म्हणजे तेव्हा तुम्ही चुकीचं लिहिलंत?

"चुकीचं नाही साहेब, सोयीचं लिहिलं," मी म्हटलं. "चूक न कळता होते. मला कळत होतं."

दादा उसळला. मग काय सगळंच तिचं का, म्हणाला, आईची औषधं, माझं दुकान, तेही तिचंच म्हण. मी म्हटलं, नाही, तिथे पाच बरोबर आहे. औषधं तिने दिली, दुकानाचं डिपॉझिट दिलं, ते दिलं म्हणजे दिलं, ते ती मागतही नाही. तू निरोप वाच दादा. जिथे तिने 'माझं' लिहिलंय तिथे ते तिचं आहे. अठरा वर्षं हा कागद तुझ्या कपाटात होता, वाचायचा होतास.

त्याने कागद उचलला. वाचताना त्याचे ओठ हलत होते. 'बसायला दगड ठेवा' इथे तो थांबला, कारण तो दगड ठेवायचा राहिलाच होता आणि ते त्याला माहीत होतं. पण दादा हार मानणाऱ्यातला नाही. त्याचा आवाज चढला. आम्ही काय कमी केलं हिच्यासाठी, म्हणाला. घर राखलं कोणी, गळती काढली कोणी, आईला शेवटपर्यंत बघितलं कोणी? ही तिकडे होती. ही इथली राहिलीच नाही.

आईला त्याने बघितलं होतं हे खरं होतं, आणि ते मी तिथेच मान्य केलं. पण मग मलाही राहवलं नाही.

"दादा, एकोणीस वर्षं मी निव्वळ काढते आहे. आलेले वजा गेलेले. तिच्याकडून ह्या घरात काय आलं ते ह्या कागदावर आहे. ह्या घरातून तिच्याकडे काय गेलं, ते तू सांग."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मीच सांगितलं, कारण कोणीतरी सांगायला हवं होतं. "एक स्वेटर. आईने विणलेला. आणि तोही परत आला, कारण पत्ता मी चुकीचा घातला होता."

ताईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. तिला तो स्वेटर माहीतच नव्हता.

निकाल आठ दिवसांनी आला. तळमजला दादाचा, त्याला विकायचा असेल तर विकावा. वरचा मजला आणि जिना ताईच्या नावावर लावावा. गिऱ्हाइकाला अर्धं घर नको होतं, ते निघून गेलं. दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. मी फार मोठी शूर आहे असं दाखवत नाही. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. लहानपणी त्यानेच मला सायकल शिकवली होती.

ऑफिसात माझी बदली भांडारात झाली. कागद, शाई, टाचण्या, झाडू. नववी ओळ दुसऱ्या कोणाला मिळाली, आणि तो मुलगा तिचं नावसुद्धा नीट घेत नाही. पण चारशे बाराला उत्तर देणं भाग होतं. तिमाहीचा तक्ता निघाला तेव्हा नवव्या ओळीवर एक बारीक तारा होता आणि पानाच्या तळाशी दोन ओळी: यापूर्वी घरखर्च म्हणून धरलेल्या काही रकमा पाठवणाऱ्यांच्या स्वतःच्या बांधकामाच्या असल्याचे आढळले असून मालिका सुधारण्यात येत आहे. भाषणातला तो परिच्छेद गळाला. मॅडम मला जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी मान वळवली नाही, एवढं मला पुरलं.

रविवारी मी आणि ताई वर गेलो. वहिनीने किल्ली खिडकीतून दिली. एकेचाळीस खोकी मी खाली उतरवली. ताई पायरीवर बसून मोजत होती. मग भिंतीला टेकवलेलं लोखंडी कपाट दोघींनी मिळून सरकवलं, आणि मागे खिडकी निघाली. पूर्वेला. गज नव्हते. आईने ते मात्र ऐकलं होतं.

मी पिशवीतून तो परत आलेला स्वेटर काढून दिला. ताईने उलटसुलट करून पाहिला, बाह्या आखूड आहेत म्हणाली, आणि घडी घालून गुडघ्यांवर ठेवला. माफी वगैरे ती काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मग तिने विचारलं, "तुझ्या त्या वहीत मी आता कोण? इथली की तिथली?"

मी सांगितलं की एरवी वर्ष भरावं लागतं. पण नियमात हेतूही धरतात. आलेल्या माणसाचा इथेच राहायचा हेतू असला की तो पहिल्या दिवसापासून इथला.

"मग लिही."

"ते काम आता माझ्याकडे नाही, ताई. मी टाचण्या मोजते."

"तरी लिही."

लिहायला दुसरं काही नव्हतं. पिवळा कागद पिशवीत होता. मी तो उलटा केला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, ती आल्याची तारीख घातली आणि लिहिलं: ह्या दिवसापासून इथली. ताईने चष्मा लावला, बोट फिरवत वाचलं, आणि कागद माझ्याकडे परत सरकवला.

"खाली सही कर," ती म्हणाली. "पदासकट."

मी केली.